लॉजमध्ये वीस वर्षे राहिलेला माणूस: पाहुणा की भाडेकरू?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या तालुक्याच्या गावी दोन गोष्टी हमखास दिसतात. कृषी केंद्रांपुढे बियाण्यांच्या पिशव्यांची थप्पी लागते, आणि नगरपरिषदेचा शिपाई खळीचा डबा घेऊन जुन्या इमारतींवर 'इमारत धोकादायक आहे' अशा नोटिसा डकवत फिरतो. या वेळी त्यांतली एक नोटीस बसस्थानकाकडून बाजारओळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जुन्या लॉजच्या दारावर लागली. इमारत दुमजली आहे. वरच्या मजल्याला सागवानी कठड्याचा सज्जा आहे, छपरावर कवेलू आहेत आणि जिथे कवेलू टिकले नाहीत तिथे टिना टाकलेल्या आहेत, खाली रस्त्याच्या अंगाला चार दुकाने आहेत. खोल्यांच्या चौकटींवर तेलरंगाने काढलेले आकडे अजून वाचता येतात. लॉजच्या नावाची पाटी मात्र एका वादळात पडली ती पडलीच. पुन्हा लावावी असे कोणाला वाटले नाही.

नोटीस वाचायला जमलेल्यांत चौदा नंबरच्या खोलीतले वृद्ध गृहस्थही होते. त्यांची सारी नोकरी जिनिंगमध्ये गेली. मी विचारले, "काकाजी, किती दिवसांपासून राहता इथं?" ते म्हणाले, "दिवस काय मोजता, बावा? माह्या पोरीचं लगन याच खोलीतून लागलं."

त्यानंतर समोरच्या टपरीवर जो वाद रंगला तो अशा प्रत्येक इमारतीपुढे रंगतो. एकाचे म्हणणे असे की लॉजवरचा माणूस पाहुणा असतो, मॅनेजरने सांगितले की त्याने पेटी उचलावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की वीस-वीस वर्षे राहिलेल्या माणसाला ब्रह्मदेवही हलवू शकत नाही. दोघेही अर्धेच बरोबर होते. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी आधी ही इमारत कशासाठी बांधली गेली आणि पुढे तिचे काय झाले हे पाहावे लागते, कारण या प्रश्नात इमारतीचा इतिहास केवळ आठवणींचा विषय राहत नाही. तो न्यायालयात मांडायचा पुरावा असतो.

कापसाच्या गावात लॉज आले कसे

विदर्भातल्या कापसाच्या गावांत लॉज पर्यटकांसाठी उभे राहिले नाहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाकडे व्यापाऱ्यांची नजर वळली. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. खामगावचा कापूसबाजार मुख्य मार्गापासून बाजूला राहत होता म्हणून जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकून तो १८७० मध्ये सुरू करण्यात आला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीने आतल्या गावांचाही कापूस मुख्य रेल्वेला आणून जोडला.

कापसाच्या मागोमाग माणसे आली. दिवाळीनंतर सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीची शेतातली पूजा, झाली की बैलबंड्यांच्या रांगा लागत आणि त्याच सुमारास दलाल, परगावच्या पेढ्यांचे मुनीम, रेचे (कापसातून सरकी काढायची यंत्रे) दुरुस्त करणारे मिस्त्री, विमा एजंट अशी मंडळी गावात उतरत. त्यांना महिना-दोन महिने अंग टाकायला खाट, हिशेबाच्या वह्या ठेवायला कुलपाची पेटी आणि दोन वेळची खानावळ हवी असे. धर्मशाळा होत्या, पण तिथे मुक्काम मोजक्या दिवसांचा, आणि पैशाची थैली उशाशी घेऊन निजणाऱ्याला तिथे झोप कशी लागणार? म्हणून ज्यांचे वाडे रस्त्याला लागून होते त्यांनी वरच्या मजल्यावर खोल्या पाडल्या. रोजाने खोली देण्याची रीत सरकारलाही ठाऊक होती. प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागांसाठी १८६७ सालीच सराई कायदा झाला होता. त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सराईची नोंद करणे, स्वच्छता राखणे आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे या जबाबदाऱ्या चालकावर टाकलेल्या होत्या.

मात्र कापसाचा हंगाम होळीपर्यंत आटोपे. उरलेले महिने खोल्या रिकाम्या ठेवणे कोणत्या मालकाला परवडेल? मग बदलून आलेला मास्तर, घर मिळेपर्यंत थांबलेला कारकून, कोर्टाच्या तारखांसाठी खोली धरून ठेवणारा वकील अशांना त्या महिन्यावारी दिल्या जात. एकाच छताखाली रोजाचा पाहुणा आणि महिन्याचा रहिवासी असे दोघे राहू लागले ते अगदी सुरुवातीपासून, आणि आजच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

लॉजचे घर होताना

१९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या योजनेतच विकायचा, खासगी व्यापाऱ्याने तो विकत घ्यायचा नाही, असा तिचा गाभा होता, आणि ही व्यवस्था सुमारे तीन दशके चालली. ती कास्तकाराच्या हिताची ठरली की नाही हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लॉजपुरते पाहिले तर दलाल आणि परगावचे खरेदीदार येणे आटले, त्यांच्या जागी हंगामापुरते ग्रेडर आणि केंद्रावरचे कर्मचारी आले, पण तेवढ्यांनी बावीस खोल्या भरत नाहीत. एसटीच्या फेऱ्या वाढल्या आणि तालुक्याला आलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने गावी परतू लागला. पुढे बायपासला संडास-बाथरूम जोडलेल्या खोल्यांचे नवे लॉज झाले, तेव्हा मागल्या अंगणात सामाईक संडास असलेल्या या इमारतीत मुक्कामाला कोण येणार?

आज तिथे शिंपीकाम करणारे एक कुटुंब आहे, पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यांतली मुले आहेत, डबे पुरवणाऱ्या एक विधवा बाई आहेत, आणि चौदा नंबरचे काकाजी आहेत. रोजाने उतरणारा एकही नाही. खाटा रहिवाशांच्या स्वतःच्या आहेत, गॅस स्वतःचा आहे, कुलूप स्वतःचे आहे. आवक-जावक रजिस्टर मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर अजून आहे, आणि महिन्याच्या पावतीवर लॉजचेच नाव छापलेले असते.

दोन शब्द, दोन नाती

इथे कायद्याचे दोन शब्द समजून घेतले की पुढची वाट सोपी होते. पहिला भाडेपट्टा आणि दुसरा लायसन्स, ज्याला आपण मुभा म्हणू.

एखाद्याने शेत वर्षभरासाठी ठोक्याने, म्हणजे ठरीव रकमेवर, वाहायला घेतले तर त्या काळापुरता त्या शेताचा ताबा त्याचा असतो. काय पेरायचे, केव्हा डवरायचे हे तो ठरवतो, आणि मूळ मालकालाही उभ्या पिकात मनमानी बैल घालता येत नाहीत. हे भाडेपट्ट्याचे नाते. याउलट शेजाऱ्याने आपल्या खळ्यात माझ्या सोयाबीनची गंजी लावू दिली, त्याबद्दल चार पैसे घेतले, तरी खळे माझ्या ताब्यात येत नाही. तो तिथे स्वतःचीही बंडी उभी करील, आणि त्याने सांगितल्यावर मला गंजी हलवावी लागेल. ही मुभा. भाडेपट्ट्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे आणि मुभेची त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यात. म्हणजे हा भेद काही आजकालचा नाही.

लॉजमधला खरा पाहुणा मुभेवर असतो. चादर मालकाची, झाडलोट मालकाची, दुसरी किल्ली मॅनेजरच्या खुंटीवर, आणि खोली बदलून दिली तरी तक्रारीला फारसा वाव नाही. भाडेकरूला मात्र नेमकी तीच खोली मिळालेली असते, आणि त्याच्या परवानगीवाचून मालक आत येऊ शकत नाही.

कायद्यातली एक छोटीशी ओळ

महाराष्ट्रात भाडेकरूंना मिळणारे संरक्षण मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्यातून येते. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. ठरावीक कारणांशिवाय घर खाली करून मागता येत नाही, भाड्याची पावती द्यावीच लागते, पाणी-वीज तोडून छळता येत नाही, अशा तरतुदी त्यात आहेत. तो राज्यभर सरसकट लागू नाही, अनुसूचीत दाखवलेल्या क्षेत्रांतच तो चालतो. त्यामुळे आपले गाव त्या यादीत आहे का हे कोणत्याही वादाआधी पाहून घ्यावे.

या कायद्यात 'जागा' कशाला म्हणायचे याची व्याख्या कलम ७ मध्ये आहे, आणि तिच्या शेवटी हॉटेल किंवा लॉजिंग हाऊसमधली खोली ही 'जागा' नाही असे स्पष्ट म्हटले आहे. (आपल्याकडे हॉटेल म्हणजे आलूबोंडा आणि चहा, कायद्यातले हॉटेल म्हणजे मुक्कामाचे ठिकाण, हे वाचताना लक्षात ठेवावे.) मुभेवर राहणाऱ्याच्या व्याख्येतूनही हॉटेल, लॉज, वसतिगृह, धर्मशाळा यांत राहणारे वगळलेले आहेत. टपरीवरचा पहिला माणूस नकळत याच ओळीच्या बाजूने बोलत होता: खोली जर खरोखर लॉजमधली असेल, तर या कायद्याची छत्री तिच्यावर नाही.

गंमत अशी की मुंबई राज्याच्या १९४७ च्या जुन्या कायद्याच्या नावातच भाड्यांबरोबर हॉटेल व लॉजिंग हाऊसच्या दरांचे नियंत्रण होते. युद्धानंतर शहरांत जागेची टंचाई होती, म्हणून लॉजचे वाजवी दर ठरवून देण्याची सोय त्यात केलेली होती. नव्या कायद्याच्या नावातून तर हॉटेल गेलेच, मजकुरातही ते उरले ते वगळण्यापुरते.

तो जुना कायदा मात्र विदर्भाला लागू नव्हता. आपण तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो. इथे १९४९ चा घरे भाड्याने देण्यासंबंधीचा व भाडे नियंत्रणाचा आदेश चालत असे, आणि १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावरही तो तसाच राहिला. त्यात घरमालकाला थेट दावा ठोकता येत नसे. आधी भाडे नियंत्रकाकडे अर्ज करून नोटीस देण्याची परवानगी घ्यावी लागे, आणि मग दिवाणी न्यायालय. जुनी माणसे अजूनही "रेंट कंट्रोलरकडे केस आहे" असे म्हणतात ते यामुळे. २००० पासून ती पायरी गेली आणि आता वाद सरळ न्यायालयात जातो. घरात त्या काळातल्या प्रकरणाचा एखादा पिवळा पडलेला आदेश असेल तर तो टाकून देऊ नये. मालकाने त्या वेळी समोरच्याला भाडेकरू म्हणूनच नियंत्रकाकडे खेचले असेल, तर आज तो पाहुणा होता असे म्हणणे मालकाला जड जाते.

"पण पावतीवर तर लॉजचेच नाव आहे"

हा सर्वांत रास्त आक्षेप. याचे उत्तर देताना वकील मंडळी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या एका निकालाकडे बोट दाखवतात. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या काही खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या होत्या, आणि करारावर मुभा असेच लिहिले होते. त्या निमित्ताने एक कसोटी पक्की झाली: कागदावरचे नाव पाहू नका, व्यवहाराचा गाभा पाहा, आणि जागेचा संपूर्ण ताबा एकट्याकडे असेल तर ती भाडेपट्ट्याची मोठी खूण समजा. त्या कसोटीवर तो व्यवहार भाडेपट्टाच ठरला. तरीही जिंकले हॉटेलच, कारण तिथल्या भाडे कायद्यानेही हॉटेलातली खोली वगळलेली होती. म्हणजे कसोटी रहिवाशाच्या बाजूची आणि निकाल मालकाच्या, असा तो दुधारी निवाडा आहे; त्यातली एकच धार दाखवणाऱ्या सल्लागारापासून सावध राहावे.

यातून आपल्या कामाचा प्रश्न असा निघतो: ही खोली आज चालू असलेल्या लॉजमधली आहे, की एके काळी लॉज असलेल्या इमारतीतली? इम्पीरियल हॉटेल तेव्हा चालू हॉटेल होते. आमच्या लॉजमध्ये मात्र रोजाने उतरणारा शेवटचा पाहुणा कधी आला हे कोणालाच आठवत नाही. त्या काळापासून रजिस्टरमध्ये नवी नावे कशी चढतात, दर कोणते, नोकर किती, अंथरुण-पांघरूण कोण देते, लॉज म्हणून परवाना चालू आहे का, नगरपरिषदेच्या कर आकारणी यादीत भोगवटादार म्हणून कोणाची नोंद आहे, या साध्या गोष्टींवरच निकाल झुकतो. इतिहास पुरावा असतो असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

ते रजिस्टर मी चाळून पाहिले. नाव, वय, कोठून आले, कोणत्या कामासाठी, कोठे जाणार, अशी रकान्यांची छापील वही. जुन्या पानांवर 'कोठे जाणार' खाली मुंबई, अकोला, हिंगणघाट अशी गावे वळणदार अक्षरात लिहिलेली आहेत. अलीकडच्या पानांवर दर महिन्याच्या एक तारखेला तीच दहा-अकरा नावे पुन्हा उतरवलेली आहेत, कामाच्या रकान्यात 'राहणे', आणि शेवटचा रकाना कोरा. मालकाच्या वकिलाला हे रजिस्टर लॉज चालू असल्याचा पुरावा वाटेल. मला तरी ते उलट बाजूचे साक्षीदार वाटते.

शिधापत्रिका, मतदार यादी, आधार यांचा उपयोग होतो, पण मर्यादित. माणूस तिथे राहत होता एवढे ते सांगतात; कोणत्या नात्याने राहत होता हे सांगत नाहीत. ते काम दरमहाच्या पावत्या, स्वतःच्या नावाचे वीजबिल आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार करतो. भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने घरमालकावर टाकली आहे, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अर्थात आधी भाडेकरू आहोत हे ठरायला हवे.

सान फ्रान्सिस्कोत हाच प्रश्न

हा तिढा फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या मध्यभागी एकेका खोलीची निवासी हॉटेले शेकड्यांनी होती, आणि त्यांत हंगामी शेतमजूर, खलाशी, पेन्शनीतले एकटे लोक वर्षानुवर्षे राहत. खोली लहान, संडास सामाईक, स्वयंपाकाची सोय नाही किंवा असल्यास चोरून. आपल्या लॉजची सावत्र भावंडेच म्हणा ना. सान फ्रान्सिस्कोतल्या इंटरनॅशनल हॉटेलात प्रामुख्याने वृद्ध फिलिपिनो आणि चिनी मजूर राहत होते. जागा मोक्याची झाली, मालकांना ती मोकळी हवी झाली, आणि अनेक वर्षांच्या लढ्यानंतर ४ ऑगस्ट १९७७ रोजी पहाटेच्या अंधारात पोलिसांनी हजारो समर्थकांची साखळी तोडून म्हाताऱ्यांना बाहेर काढले. इमारत पाडली गेली, आणि त्या ठिकाणी पुढे कित्येक वर्षे नुसता खड्डा होता. ज्येष्ठांसाठी १०४ घरांची नवी इमारत तिथे उघडली ती २००५ मध्ये.

त्या प्रकरणानंतर शहराने १९८१ मध्ये नियम केला की निवासी हॉटेलातल्या खोल्या पर्यटकांसाठी वळवायच्या किंवा पाडायच्या तर तेवढ्याच खोल्यांची भरपाई करावी लागेल. शिवाय कॅलिफोर्नियात तीस दिवसांहून अधिक राहिलेल्याला भाडेकरूचे हक्क मिळू लागतात. त्यावर काही मालकांनी अठ्ठाविसाव्या दिवशी रहिवाशाला पेटीसह बाहेर काढून दोन दिवसांनी परत घेण्याची युक्ती काढली, आणि मग ती युक्तीही कायद्याने बंद करावी लागली.

आपल्याकडे अशी दिवसांची रेषा नाही. असती तर काकाजींचा प्रश्न पहिल्याच महिन्यात मिटला असता. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पोलीस भरतीच्या मुलांना महिनाभरासाठी खोली द्यायलाही मालक कचरला असता.

नोटीस लागली म्हणजे खोली गेली का

दारावरची नोटीस महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधल्या कलम १९५ खालची असते. इमारत पडण्याच्या बेताला असेल तर ती पाडा, दुरुस्त करा किंवा तोवर खाली करा, असे सांगण्याचा अधिकार नगरपरिषदेला त्यातून मिळतो. या नोटिशीचा संबंध जिवाच्या सुरक्षिततेशी आहे. मालक कोण, भाडेकरू कोण, हे ठरवण्याचे काम तिचे नाही, आणि मुख्याधिकाऱ्यांचेही नाही. नोटिशीत कधी सी-१, सी-२ अशी वर्गवारी लिहिलेली असते. सी-१ म्हणजे राहण्यास अतिशय धोकादायक, पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे खाली करून दुरुस्त करण्याजोगी. सी-२ ब म्हणजे राहत असतानाही दुरुस्त होईल अशी. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. तेव्हा नोटीस वाचताना सर्वांत आधी वर्ग आणि अभियंत्याच्या तपासणीचा आधार पाहावा. वर्ग पटत नसेल तर दुसऱ्या अभियंत्याकडून संरचना तपासणी करून घेऊन लेखी हरकत देता येते.

"इमारतच पाडली तर भाडेकरूपण कशाचे उरले?" असे विचारले जाते. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले: महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेपट्टा आपोआप संपत नाही, कारण तो भिंतींचाच नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. पीक बुडाले म्हणून शेताचा ठोका मोडत नाही, तसेच हे आहे. भाडे कायद्यात पुनर्बांधणीसाठी जागा खाली करून मागण्याची तरतूद आहे आणि नव्या इमारतीत परत येण्याचा भाडेकरूचा हक्कही आहे. पण ताबा सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपण परत येणार असल्याचे मालकाला कळवावे लागते. ही मुदत अनेकांना ठाऊकच नसते. म्हणून धोक्याची इमारत रिकामी करणे शहाणपणाचेच, पण बाहेर पडण्यापूर्वी आपल्या खोलीची लांबी-रुंदी टाकून पंचनामा मागावा, दारे-खिडक्यांसह छायाचित्रे काढावीत आणि ताबा सुरक्षेसाठी सोडत आहोत, हक्क सोडत नाही, असे लिहून त्याची पोच घ्यावी.

मग मालकाने काय पाप केले?

हाही आक्षेप मनापासून ऐकायला हवा. खोलीचे भाडे २००० साली २०० रुपये होते असे धरा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे दरसाल ४ टक्के वाढ घेता येते. चक्रवाढ धरली तरी २५ वर्षांत ते साडेपाचशेच्या आतच राहते. एवढ्यात सागवानी वासा तर सोडाच, कवेलू फेरायला येणाऱ्या दोन माणसांची मजुरीही निघत नाही. भाडी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मुंबईच्या जुन्या कायद्याबाबत म्हटले होते, आणि नवा कायदा येण्यामागे तेही एक कारण होते.

दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. त्याने ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. ५०० रुपये भाडे असेल तर वर्षाला १,५०० रुपये. तेवढ्यात एक टिन आणि खिळे येतील. असा हा सापळा आहे: मालकाकडे पैसा येत नाही म्हणून तो दुरुस्ती करत नाही, दुरुस्ती नाही म्हणून भाडे वाढवून द्यायला कोणी राजी नाही, आणि दोघेही पावसाची वाट पाहत बसतात. माझ्या मते भाडे आपसांत ठरवून वाढवणे आणि त्याबदल्यात नोंदणीकृत करार करून घेणे यात दोघांचेही हित आहे. मात्र असा करार चाळीस वर्षांत एकदाही का झाला नाही, याचे उत्तर मालकाने जसे द्यायला हवे तसे रहिवाशांनीही द्यायला हवे.

बारा वर्षांचा गैरसमज

"बारा वर्षे झाली की जागा आपली" हे वाक्य प्रत्येक टपरीवर ऐकू येते. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे खरे, पण ती मालकाला झुगारून, त्याच्याविरुद्ध उघडपणे जागा धरून ठेवणाऱ्यासाठी. जो दरमहा भाडे देतो तो मालकाची मालकी मान्यच करत असतो. त्याचा ताबा बारा काय, पन्नास वर्षांचा असला तरी त्यातून मालकी निघत नाही, आणि असा दावा करून बसल्यास भाडेकरू म्हणून असलेली बाजूही लंगडी होते.

जमीन कोणाची, इमारत कोणाची

पुष्कळ जुन्या इमारती लॉज म्हणून ओळखल्या जातात, पण कागदावर धर्मशाळा असतात. एखाद्या शेटजींनी यात्रेकरूंसाठी किंवा ज्ञातिबांधवांसाठी बांधलेली, पुढे पंचमंडळाकडे गेलेली वास्तू. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र त्यांच्यात मालकासारखे कधी राहिले नाहीत. तो आदर्श सर्वच विश्वस्तांना पेलला असे नाही. इमारत सार्वजनिक न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ती विकायला, किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीवाचून झालेला सौदा टिकत नाही. म्हणून "बिल्डरला विकली" अशी बातमी कानावर आली की आधी न्यासाची नोंद तपासावी.

विदर्भात आणखी एक पदर असतो, तो नझूलचा. गावठाणातली बरीच मोक्याची जमीन सरकारची असून ती ठरावीक मुदतीच्या, बहुधा तीस वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असते. मालक म्हणून मिरवणारा गृहस्थ फक्त इमारतीचा धनी असतो, आणि पट्ट्याचे नूतनीकरण थकलेले असेल तर पुनर्बांधणीचा नकाशाच मंजूर होत नाही. हे सारे आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकत पत्रिकेवर, दिसते. भूमी अभिलेख कार्यालयातून तिची नक्कल कोणालाही काढता येते.

उद्या दाराला दुसरे कुलूप दिसले तर

आमच्या लॉजमध्ये हे एकदा घडून गेले आहे. एक मुलगा परीक्षेला नागपूरला गेला, परत आला तो दाराला मालकाचे कुलूप आणि पेटी सज्ज्यात. त्याला पाहुणा समजा की भाडेकरू, ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात जागा आहे त्याला न्यायालयाच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे असा माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघतच नाही. पण खोलीचा ताबा खरोखर आपल्याकडे होता, मॅनेजरकडे नव्हता, हे दाखवावे लागते, आणि पुन्हा मुद्दा येऊन ठेपतो तो कुलूप, किल्ली आणि पावतीवर.

नोटीस लागल्यावर मालक भाडे घेणेच बंद करतो, असाही अनुभव आहे. भाडे थकले हे जागा खाली करून मागण्याचे कारण होऊ शकते, त्यामुळे 'घेत नाहीत तर देत नाही' ही वृत्ती घातक आहे. मनीऑर्डरने किंवा बँकेतून रक्कम पाठवावी, नाकारली गेल्यास तसा शेरा जपून ठेवावा. तरीही भाडे थकल्याची लेखी मागणी आलीच, तर ती हाती पडल्यापासून नव्वद दिवस संपेपर्यंत मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही, आणि तेवढ्यात थकबाकी भरता येते.

चौदा नंबरच्या काकाजींनी परवा आपली पत्र्याची पेटी माझ्यापुढे उघडली. पावत्या तारेत ओवलेल्या होत्या, सर्वांत जुन्यांची शाई उडालेली, आणि त्यांतल्या काहींवर 'रूम भाडे' हा छापील शब्द खोडून कोण्या मुनीमाने हाताने 'घरभाडे' लिहिले होते. त्या पावत्या आम्ही त्याच दिवशी तारेतून सोडवून झेरॉक्सच्या दुकानात नेल्या.